कायदा कोणत्या घराण्याचा यापेक्षा वसुली होते का, हे आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: देशाची न्यायव्यवस्था कशी आहे याचा तिथल्या अर्थव्यवस्थेवर खरोखर परिणाम होतो का? इंग्रजी पद्धतीचा कायदा व्यापाराला जास्त मानवतो असं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि मोठ्या कंपन्यांना लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांकडून वाद सोडवून घेण्याची, सोय असताना साध्या माणसाच्या वाट्याला काय येतं? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. माझं काम व्यापारी करार लिहिण्याचं आणि ते मोडले की त्यावर भांडण्याचं. अर्थतज्ज्ञ हेच उत्तर वेगळ्या क्रमाने देईल.

परिणाम होतो, पण तो कोर्टात किती खटले चालतात यावरून दिसत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपण सगळेच म्हणतो. मात्र समोरच्याने कोर्टाला भ्यावं, असं त्याच शहाण्याला मनातून वाटत असतं. अनोळखी माणसाला उधारीवर माल देणारा विक्रेता ही भीती गृहीत धरूनच माल पाठवतो. ती भीती नसेल तर व्यापार थांबत नाही, पण आक्रसतो. माणसं नात्यातल्यांशी, ओळखीच्यांशी व्यवहार करतात, आगाऊ पैसे मागतात, जो सुटा भाग बाहेरून स्वस्तात घेता आला असता तो स्वतःच बनवतात. नवा, जास्त चांगला पुरवठादार समोर उभा असला तरी जुन्यालाच धरून राहतात. हा सगळा खर्चच आहे, पण कुठल्याही ताळेबंदात तो ‘न्यायव्यवस्थेमुळे झालेला तोटा’ म्हणून लिहिला जात नाही.

मग व्यापारी नेमकं काय पाहतो? निकाल लागायला किती काळ लागेल, खर्च किती येईल आणि निकाल काय लागेल याचा आधी अंदाज करता येतो का. वकील यात चौथी गोष्ट घालतात आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे: निकाल हातात आल्यावर पैसे मिळतात का? हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. तो मिळाला की दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, दाखल करायची, प्रतिवादीची मालमत्ता शोधायची, ती जप्त करायची, तिच्यावर तिसऱ्याच कुणाचा तरी हक्क उपटला तर त्याच्याशी भांडायचं. पहिला दावा जिंकल्यावर खरा दावा सुरू होतो, असं या धंद्यातले लोक विनोदाने म्हणत नाहीत. न्यायसुधारणेच्या योजनांत नव्या इमारती असतात, संगणक असतात, न्यायाधीशांच्या जागा असतात. जप्ती करणाऱ्या बेलिफाचा उल्लेख क्वचितच येतो.

जागतिक बँकेने बरीच वर्षं ‘डूइंग बिझनेस’ नावाची क्रमवारी काढली. करार अमलात आणायला किती दिवस लागतात आणि दाव्याच्या रकमेच्या किती टक्के खर्च होतो, हे तिच्यात देशोदेशीचं मोजलं जाई. मोजमाप देशातल्या सर्वांत मोठ्या व्यापारी शहराचं (फार मोठ्या लोकसंख्येच्या देशांत दोन शहरांचं) असे. साहजिकच सुधारणाही तेवढ्यापुरती करण्याचा मोह सरकारांना होई. आकडेवारीतले गैरप्रकार उघड झाल्यावर २०२१ मध्ये बँकेने ही क्रमवारी बंदच केली. त्यातली कल्पना चुकीची नव्हती. क्रमांकासाठीची शर्यत मात्र तिला पेलली नाही.

जमिनीच्या मालकीचं उदाहरण घेतलं तर वसुलीचा मुद्दा आणखी उघडा पडतो. १९८० च्या दशकात पेरूमध्ये अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या संस्थेने लिमाच्या कडेला कपडे शिवण्याचं एक छोटं युनिट सगळे नियम पाळून नोंदवून पाहिलं. त्याला २८९ दिवस लागले. गरिबांजवळ घर आणि धंदा असतो, पण कागद नसतो; तो दिला की घर तारण ठेवून कर्ज मिळेल आणि भांडवल हलायला लागेल, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. १९९० च्या दशकात पेरूने शहरी वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर मालकीपत्रं वाटली. त्याचे परिणाम नंतर तपासले गेले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली: घर राखायला कुणीतरी घरीच थांबण्याची गरज संपली आणि माणसं बाहेर जास्त तास काम करू लागली. खासगी बँकांची कर्जं मात्र अपेक्षेसारखी वाढली नाहीत. मला यात नवल वाटत नाही. बँक कागद पाहते, पण त्याआधी ती स्वतःला विचारते, ‘कर्ज बुडालं तर हे घर मला विकता येईल का?’ गरिबाचं घर लिलावात काढणं राजकीयदृष्ट्या अशक्य आणि कोर्टात वर्षानुवर्षं रखडणारं असेल, तर तो कागद तारण म्हणून निरुपयोगी असतो. राहणाऱ्याला मात्र त्याच कागदाने निर्धास्त केलं.

आता इंग्रजी कायदा विरुद्ध फ्रेंच कायदा. एका बाजूला न्यायालयांच्या पूर्वनिर्णयांवर वाढत गेलेला इंग्रजी कायदा, दुसऱ्या बाजूला संहितेवर, म्हणजे एकत्र लिहून काढलेल्या कायद्यावर, उभे असलेले देश: फ्रान्सची संहिता १८०४ ची, जर्मनीची १ जानेवारी १९०० पासून लागू झालेली. १९९८ मध्ये चार अर्थतज्ज्ञांनी ४९ देशांचे कायदे तपासून असा निष्कर्ष काढला की इंग्रजी घराण्यातले देश भागधारकांना आणि सावकारांना जास्त संरक्षण देतात, फ्रेंच घराण्यातले सर्वांत कमी. या निष्कर्षाचा मोठा बोलबाला झाला. पण त्यात अडचणी आहेत. १९१३ साली अर्थव्यवस्थेच्या आकाराच्या प्रमाणात फ्रान्सचा शेअर बाजार अमेरिकेपेक्षा मोठा होता. पुढे चित्र उलटलं, पण फ्रान्सचं घराणं तेच राहिलं, संहिता तीच. मर्यादित दायित्वाची छोटी खासगी कंपनी हा प्रकार १८९२ मध्ये जर्मनीने कायद्यात आणला आणि जगभर त्याच्या नकला झाल्या. इंग्रजी कायदा लवचीक म्हणावा, तर भारतात त्याच परंपरेतला करार कायदा १८७२ पासून कलमाकलमांत बांधलेला आहे. आणि स्कॉटलंड, दक्षिण आफ्रिका, कॅनडातला क्वेबेक प्रांत, जिथे दोन्ही परंपरा मिसळलेल्या आहेत, त्यांना कोणत्या खणात टाकायचं?

पुढच्या संशोधनात एक जास्त पटणारा मुद्दा आला: कायदा कुठून आणला यापेक्षा तो कसा रुजला, हे महत्त्वाचं. ज्या समाजाने परका कायदा स्वतः निवडून, आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला, तिथे तो चालला. जिथे तो राज्यकर्त्यांनी वरून लादला आणि तो समजणारे वकील, न्यायाधीश, कारकून तयारच झाले नाहीत, तिथे पुस्तकात उत्तम कायदा राहिला आणि बाहेर वेगळाच व्यवहार चालला. जपानने युरोपातल्या संहिता अभ्यासून आपली दिवाणी संहिता १८९८ मध्ये लागू केली, ती पहिल्या प्रकारात बसते. मी ज्या परदेशी वकिलांबरोबर काम केलं त्यांच्यातले निम्मेअधिक संहितेच्या देशांतले. कराराच्या मूळ तत्त्वांवर आमचे मतभेद फार थोडे होतात. वाद होतात ते कागदपत्रं दाखवण्याची सक्ती किती, साक्षीदाराची उलटतपासणी किती आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा का, यावर.

चीनचं काय, असं इथे कुणीही विचारील. स्वतंत्र न्यायालयं नसताना तिथे चार दशकं वाढ झाली. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांची बढती बराच काळ वाढीशी जोडलेली होती. गुंतवणूकदाराला दिलेला शब्द पाळण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ होता, त्यामुळे कोर्टाचं काम काही प्रमाणात तेच करत. शिवाय परकी भांडवलाचा मोठा भाग हाँगकाँगमार्गे आला आणि तिथे इंग्रजी कायदा व लवाद दोन्ही हाताशी होते. म्हणजे करार पाळायला लावणारी यंत्रणा होती, तिच्यावर पाटी वेगळी होती. अधिकाऱ्याचा स्वार्थ बदलला तर काय, हा प्रश्न अशा व्यवस्थेत उघडाच राहतो.

सीमेपलीकडचा व्यापार सुरू झाला की देशाचा कायदा हीच निवडायची वस्तू होते. करारात शेवटच्या पानावर एक कलम असतं: या कराराला अमुक देशाचा कायदा लागू राहील. वाटाघाटींच्या शेवटच्या रात्री, सगळे थकलेले असताना हे कलम घाईत भरलं जातं. त्याची किंमत काय असते, हे ग्रीसने २०१२ मध्ये दाखवलं. ग्रीस सरकारचे बहुतेक रोखे ग्रीक कायद्याखालचे होते. संसदेने कायदा करून त्यांच्या अटी मागाहून बदलल्या आणि रोखेधारकांच्या बहुमताच्या जोरावर सगळ्याच धारकांना मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त रकमेवर पाणी सोडायला लावलं. थोडे रोखे इंग्रजी कायद्याखालचे होते. तिथे ग्रीक संसदेचा हात पोचत नव्हता. त्यातले जे अडून बसले त्यांना ठरलेल्या तारखांना पूर्ण पैसे मिळाले. कर्जदार एक, संकट एक. फरक एका कलमाचा.

अर्जेंटिनाची गोष्ट उलट बाजूची. २००१ च्या अखेरीस थकवलेले तिचे अनेक रोखे न्यूयॉर्कच्या कायद्याखाली होते. ९० टक्क्यांहून जास्त धारकांनी नंतर तोटा सोसून नवे रोखे घेतले, काही फंडांनी घेतले नाहीत. निकाल त्यांच्या बाजूने लागले, पण सार्वभौम देशाची मालमत्ता जप्त करणार कशी? याच वसुलीसाठी २०१२ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाचं शिकाऊ जहाज ‘लिबर्ताद’ घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवलं गेलं. डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने ते सोडायला लावलं. शेवटी २०१६ मध्ये तडजोड झाली. एवढ्या लढाईसाठी खिसा तसाच खोल लागतो. सामान्य निवृत्त धारकाला ही वाट मोकळी होती असं म्हणणं म्हणजे थट्टा.

खासगी व्यापारात यावर उतारा म्हणून दोन साधनं निघाली. पहिलं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने बँकेने विक्रेत्याला दिलेली पैशाची हमी. त्यात बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते, आणि ते बरोबर असले की पैसे देते. त्याचे नियम कुठल्याही संसदेने केलेले नाहीत, ते आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाचे आहेत. सध्याची आवृत्ती जुलै २००७ पासून चालू आहे. दुसरं साधन लवाद. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात १७० हून जास्त देश आहेत. एका सदस्य देशात झालेला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशातलं कोर्ट अमलात आणतं आणि नाकारायचा तर मोजक्याच कारणांनी. निवाडा गुणावगुणावर चूक आहे, हे कारण त्यात बसत नाही. कोर्टाच्या निकालांसाठी तसाच हेग करार २०१९ मध्ये झाला आणि २०२३ मध्ये लागू झाला, पण त्याचा पसारा अजून लहान आहे. म्हणून दोन देशांतल्या कंपन्या लवाद निवडतात. तो वेगवान आहे किंवा स्वस्त आहे हे कारण नसतं, कारण मोठ्या प्रकरणात तो सहसा दोन्ही नसतो. कारण वसुलीचं असतं. करार लिहिताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: समोरच्याची मालमत्ता कुठल्या देशात आहे?

इथून पुढे मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलणार आहे. ज्यांना बाहेर पडता येतं ते सरकारी कोर्टातून बाहेर पडतात. त्याचे परिणाम मागे राहिलेल्यांवर होतात आणि त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

लंडनचं कमर्शियल कोर्ट कसं झालं ते पाहा. जहाज वाचवताना झालेला तोटा जहाजमालक आणि मालधारक यांनी कसा वाटून घ्यायचा, असा एक गुंतागुंतीचा खटला १८९० च्या आसपास लॉरन्स नावाच्या न्यायाधीशांपुढे आला. त्यांना तो विषय झेपला नाही, निकालाला महिने लागले, असं सांगतात. व्यापारी वैतागले, त्यांनी आरडाओरडा केला आणि १८९५ मध्ये व्यापारी दाव्यांची वेगळी यादी व ते समजणारा न्यायाधीश मिळाला. आज तिथल्या बहुसंख्य दाव्यांत एक तरी पक्ष परदेशी असतो. व्यापाऱ्यांना तेव्हा सहज दुसरीकडे जाता आलं असतं, तर इतका गोंगाट झाला असता का? आज दुबई, अस्ताना, सिंगापूर, ॲम्स्टरडॅम इथे परदेशी व्यापाऱ्यांसाठी इंग्रजीतून चालणारी खास कोर्टं आहेत. ती चांगली चालतात. पण ज्या देशात अशी चकचकीत खिडकी उघडते, तिथल्या नेहमीच्या दिवाणी कोर्टाची रांग सुधारावी म्हणून आवाज उठवणारा बलवान पक्षकार त्या रांगेतून निघून गेलेला असतो.

दुसरा तोटा कायद्याच्या वाढीचा. लवादाचे निवाडे सहसा गोपनीय असतात, त्यातून पुढच्यांसाठी पूर्वनिर्णय तयार होत नाहीत. इंग्लंडचे तेव्हाचे सरन्यायाधीश लॉर्ड थॉमस यांनी २०१६ मध्ये हीच तक्रार जाहीर भाषणात मांडली होती. गोपनीयतेची आणखी एक जोखीम नायजेरियाच्या प्रकरणात दिसली. एका गॅस प्रकल्पाच्या करारावरून २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा झाला, व्याजासह तो ११ अब्जांवर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ठरवलं की निवाडा लबाडीने मिळवलेला आहे. लाच, खोटी साक्ष आणि नायजेरियाचे गोपनीय कागद फुटणं, हे सगळं त्यात होतं. बंद दाराआड हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी उपयोगी पडलं ते उघडं, सरकारी कोर्ट.

आता साधा माणूस. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्लीत एका बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली, बाटलीतून सडकी गोगलगाय निघाल्याचं तिचं म्हणणं होतं. दुकानदाराशी तिचा करार नव्हता, म्हणून तिने उत्पादकावर दावा लावला. ती इतकी गरीब होती की हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) तिला नादार म्हणून अपील चालवू दिलं. १९३२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: ग्राहकाशी थेट करार नसला तरी उत्पादकाने त्याच्याबाबत काळजी घेतली पाहिजे. इंग्रजी परंपरेतल्या बऱ्याच देशांत निष्काळजीपणाचा कायदा आज या निकालावर उभा आहे. शुल्क माफ झालं नसतं तर?

हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ याच रूपात आला. २०१३ मध्ये सरकारने नोकरीविषयक न्यायाधिकरणात १,२०० पौंडांपर्यंत शुल्क लावलं. ‘जो सेवा वापरतो त्याने पैसे द्यावेत’ हा त्यामागचा विचार. दावे सुमारे दोन तृतीयांशांनी घसरले. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने हे शुल्क बेकायदा ठरवलं. लॉर्ड रीड यांच्या निकालपत्राचा गाभा माझ्या मते या सगळ्या चर्चेचा गाभा आहे: न्यायालय फक्त दावा लावणाऱ्याची सोय करत नाही. मालकाला पगार वेळेवर द्यावासा वाटतो, कारण न दिल्यास काय होईल हे त्याला माहीत असतं. कोर्टात कधीच न गेलेले लाखो कामगार त्याचा फायदा घेतात. निकालात गोगलगायीचा खटलाही उदाहरण म्हणून आहे.

दार बंद करण्याचा दुसरा मार्ग करारातूनच जातो. अमेरिकेत एका मोबाइल कंपनीने ‘फुकट’ फोनवर ३० डॉलरच्या आसपास कर आकारला. एवढ्यासाठी एकटा कोण भांडणार? सगळ्यांनी मिळून दावा लावणं हाच उपाय होता, पण ग्राहक-करारात ‘लवादच आणि तोही एकेकट्याने’ अशी अट होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अट राखली. मग वकिलांनी अट शब्दशः पाळायची ठरवली. अन्न पोचवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध पाच हजारांहून जास्त कामगारांनी एकेकट्याने लवाद मागितले. प्रत्येकाचं प्रारंभिक शुल्क कंपनीने भरायचं होतं. ती मागे हटू लागली, तेव्हा २०२० मध्ये न्यायाधीशांनी तिला तिच्याच करारावर बोट ठेवून लवादाला उभं केलं. ॲमेझॉनवर असे सुमारे ७५ हजार अर्ज आल्यावर तिने २०२१ मध्ये ग्राहक-करारातली लवादाची अट काढूनच टाकली. वकील म्हणून मला यात गंमत वाटते, पण हा उपायही हजारो अर्ज एकदम चालवू शकणारी वकिलांची मोठी फर्म असेल तरच चालतो.

मग काय करावं? वकिलाशिवाय चालणारी छोट्या रकमेची कोर्टं हे मला सगळ्यांत फलदायी वाटतं. युरोपीय संघात सीमापार लहान दाव्यांसाठी ५,००० युरोपर्यंत बहुतांश लेखी चालणारी पद्धत आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ५,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी सरकारी ऑनलाइन न्यायाधिकरण आहे. तिथे पक्षकार स्वतःच बोलतो, आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, न जमल्यास निर्णय दिला जातो. सरकारने पैसा घालायचा तर आधी इथे घालावा. राजधानीत आणखी एक लवाद केंद्र बांधण्याची हौस नंतर भागवता येईल. पण त्या न्यायाधिकरणाचा निर्णय समोरच्याने पाळला नाही तर तो नेहमीच्या कोर्टात दाखल करूनच अमलात आणावा लागतो. पगार जप्त करायचा, बँक खातं गोठवायचं, ते त्याच जुन्या पद्धतीने. कुठल्याही देशाच्या सुधारणा-आराखड्यात मी पहिल्यांदा हे पान शोधतो: निकाल लागलेल्यांपैकी किती रक्कम प्रत्यक्षात वसूल झाली, हा आकडा कोर्ट स्वतः दरवर्षी प्रसिद्ध करतं का. बहुतेक ठिकाणी तो गोळाच केला जात नाही.